राहिलेला चहा

बोरांचा शेवटचा तोडा झाडावर होता आणि जाळी फाटली होती. वाऱ्यानं तिची पूर्वेकडची बाजू उचलून तारेवर टाकली होती, आणि त्या भगदाडातून बुलबुल आत शिरून प्रत्येक बोराला एकेक चोच मारून पुढं जात होते. एक बोर धड संपवतील तर शपथ. सकाळची उदबत्ती लावून झाल्यावर मी यांना म्हटलं, "जाळी शिवायला पाहिजे."

"हं," हे म्हणाले. उंबऱ्यावर बसून गुडघ्याला काळा लेप फासत होते.

मी दाभण आणि नायलॉनची दोरी त्यांच्या चपलांपाशी नेऊन ठेवली, म्हणजे ओलांडून जाता येऊ नये. संध्याकाळी देवळाकडे ढोल वाजला. हे दाभण ओलांडून गेले.

चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात आमच्या तेकवी गावात हे असंच चालतं. क्वानइम मातेचा जन्मदिवस जवळ आला की देवळापुढच्या फरशीवर तालीम उभी राहते, आणि तालमीचे वस्ताद आमचे हे, तेंगहाय. ढाल, कुऱ्हाड, लांब काठी, टोकाला विळा लावल्यासारखं ते वाकडं हत्यार, आणि सगळ्यांच्या पुढं तांबडं निशाण. जन्मदिवसाला मातेची पालखी निघते, ती गावोगाव फिरते आणि तालीम तिच्यापुढं खेळत जाते. हत्यार जमिनीवर ठेवायचं नाही, ओलांडायचं नाही, आणि बायकांनी हात लावायचा नाही. बायकांनी जेवण करायचं. तेवढं मात्र कितीही केलं तरी कुणाची हरकत नसते.

पूर्वी एकेका घरातून दोघं यायची. आता जे आहेत त्यांच्यावर भागवायचं. होकबिंग ट्रक चालवतो, तो निशाण धरतो. पाण्याचे पंप दुरुस्त करणारे दोघे भाऊ ढालीला असतात, आणि भांडण झालं की एकच ढाल येते. एक न्हावी आहे, त्याचं पोट आता कमरपट्ट्यात मावत नाही. सगळे कामावरून थेट येतात, भुकेनं कावलेले. तालीम संपली की आमच्या अंगणात बसतात. या महिन्यात मी पूर्ण शाकाहार पाळते, त्यांना मात्र डुकराचं मटण लागतं. मग मी शिजवते आणि चव बघायला आमची बीलान. बीलान शहरात एका दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, तोड्यासाठी सुट्टी काढून आली होती.

"खारट झालंय, आई."

"किती?"

"खातील ते. पण बोलतील."

"बोलू देत."

आता एक गोष्ट सांगायला हवी. खोटं बोलायचं नाही, हा माझ्या पाच नेमांतला एक नेम. लग्नाच्या आधी घेतलेला. आणि लग्न झालं ते अशा माणसाशी, की ज्यांच्या वस्तादगिरीच्या तळाशीच एक खोटं. यांना कुणी विचारलं, वस्ताद, तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात, की हे तालीमखोलीतल्या तसबिरीकडे बोट दाखवतात. ती यांच्या आबोक काकाची तसबीर. जन्मदिवसाच्या आधी शस्त्रं बाहेर काढताना गाव तिला उदबत्ती लावतं, फळं ठेवतं. आबोक काका जुगारी होता. त्याला बैलाचं दावं धड धरता येत नव्हतं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. पण तो तरुणपणी वारला, मागं कुणी नव्हतं, खोडून काढायला कुणी उरलं नव्हतं.

खरे गुरू नदीपलीकडचे. सुआनखा गावचे उनलाय. हे वयात आल्यावर त्यांच्या घरी रेड्याला चारा घालायला राहिले आणि अंगणात बघत बघत, मग काठी धरत धरत, त्यांच्याकडून सगळं शिकले. परत आले त्याच साली पाटाच्या पाण्यावरून दोन्ही गावांची मारामारी झाली. डोकी फुटली. आमची तालीम बंद पडली होती, ती यांनी उभी करायला घेतली तेव्हा म्हाताऱ्यांनी यांना विचारलं, हे कुठं शिकलास? सुआनखाचं नाव काढलं असतं तर आमच्या घराच्या कौलांवर दगड पडले असते. यांनी काकाचं नाव सांगितलं. आणि मग ते नाव चौकटीत बसलं, काच लागली, हार पडला.

मला हे सगळं लग्न झालं त्या आठवड्यात सांगितलं. नवी सून घरच्या वडीलधाऱ्यांना गोड चहा देते, तसा मी दिला होता. तबकात एक कप उरला. मी विचारलं, हा कुणाचा? हे म्हणाले, उनलायांचा. गुरू तो बापाच्या जागी, त्याला सुनेच्या हातचा चहा जातो. आणि मग म्हणाले, कुणाला बोलू नकोस.

मी बोलले नाही. पण खोटंही बोलले नाही. त्यापायी इतकी वर्षं मला किती वेळा उगाच आमटी ढवळावी लागली, ते माझं मला माहीत.

*

देवळाचे अध्यक्ष कोकहिंग संत्र्यांची पिशवी घेऊन आले तेव्हा आम्ही शेडमध्ये बोरं निवडत होतो. मोठी एकीकडे, मधली एकीकडे, चोच मारलेली घरी. ही चोच मारलेली पाटी सगळ्यांत मोठी झाली होती.

"वस्ताद, बातमी आहे," ते पाटावर बसत म्हणाले. "नवा पूल झाला ना. यंदा मातेची पालखी पुलावरून जाणार. सुआनखातून."

हे एक बोर विजारीला पुसत होते. पुसतच राहिले.

"त्यांची तालीम पुलाच्या त्या टोकाला उभी राहणार. निशाणं समोरासमोर येणार. आता तुम्हाला रीत सांगायला नको, पण पोरांना सांगून ठेवा. आपलं निशाण ताठ."

रीत अशी की दोन तालमी भेटल्या आणि एक गुरुघरची असली, तर शिष्यांचं निशाण आधी खाली जातं, गुरूंचं ताठ राहतं. बरोबरीच्या असल्या तर दोन्ही एकदम झुकतात. आणि कुणीच झुकलं नाही, तर पुढं काय होतं ते कोकहिंगच्या वडिलांच्या दातांनी बघितलं होतं.

"ताठ म्हणजे?" यांनी विचारलं.

"ताठ म्हणजे ताठ. आपला आबोक काका त्यांच्या उनलायहून वयानं मोठा. त्यांनीच झुकावं."

"उनलाय आहेत अजून?" हे म्हणाले. आवाज असा की बाजारभाव विचारतायत.

"आहे म्हणे. अर्धं अंग गेलंय. परवाच दवाखान्यातून घरी आणला. डॉक्टर म्हणाले, घरीच न्या. चाकाच्या खुर्चीत बसून पुलावर येणार आहे, हट्ट धरलाय म्हातारड्यानं." कोकहिंग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तर कधी खोटं बोलत नाही. तुम्हीच सांगा, आबोक काकाचं नाव पंचक्रोशीत होतं की नाही?"

"नाव मी रोज ऐकते," मी म्हटलं.

"बघा," कोकहिंग यांना म्हणाले.

बीलान बोरांच्या ढिगाआडून माझ्याकडे बघत होती. ते गेल्यावर तिनं विचारलं, "आई, आबोक आजोबा खरंच इतके तरबेज होते?"

"तुझ्या पणजीचा फार लाडका होता तो."

"मी ते विचारलं नाही."

"ती पाटी उचल."

"बाबा, आई पाटी उचलायला सांगतेय. म्हणजे काहीतरी आहे."

हे उठून बागेत गेले. पहिल्यांदाच, दाभण घेऊन.

मी मागून गेले. हे जाळीखाली उभे होते, दोरी हातात, एक टाका घातलेला, तोही उलटा.

"काय करणार आहात?"

"कशाचं?"

"या जाळीचं विचारत नाहीये मी."

"म्हातारा मला ओळखणार नाही. अर्धं अंग गेलंय."

"डोळे गेलेत असं कोकहिंग म्हणाले नाहीत."

"मी रेड्याला चारा घातला त्यांच्याकडे. त्याचं जेवण दिलं त्यांनी. फिटलं."

"ढाल रेड्यानं शिकवली का?"

यांनी दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "मी पुलावर निशाण झुकवलं तर तालीम संपली. कोकहिंग मला फरशीवर पाय ठेवू देणार नाही. ही पोरं उद्या येणार नाहीत. यांना काय सांगू, इतकी वर्षं खोट्या माणसापुढं डोकं टेकवलंत म्हणून?"

"आणि नाही झुकवलं तर?"

हे दोरीची गाठ दातांनी तोडायला लागले, तीही तुटेना. मी विळ्यानं कापून दिली. माणूस काठीनं चार जणांना आडवं करतो आणि दोरी तोडता येत नाही.

त्यानंतरचे दिवस हे घरात नुसते फिरत राहिले. जेवताना ताट पुढं, लक्ष भलतीकडे. तालमीत पंपवाल्या भावांवर ओरडले, न्हाव्याला घरी पाठवलं, परत बोलावलं. मला विचारायचे, "तुला काय वाटतं?" मी सांगितलं की, "तुला काय कळतं त्यातलं." पुन्हा थोड्या वेळानं, "तुला काय वाटतं?" उदबत्तीपाशी बसले तर तिथं येऊन उभे राहायचे. मी मातेला म्हटलं, याचं काय ते तूच बघ, माझा जप चुकतोय.

*

पालखीच्या दिवशी ऊन फार होतं. मी यांचा गुडघा पट्टीनं बांधला. बीलाननं लिंबाचं सरबत आणि मी चहाची किटली, असं हातगाडीवर घेतलं. वाटेवर चहा ठेवणं हे बायकांचं काम. या वेळी मी किटलीत साखर घातली. खडीसाखर, आणि वाळवलेली लाल बोरं. गोड चहा. बीलान म्हणाली, "मिरवणुकीला गोड चहा?" मी म्हटलं, "ढवळ."

पूल नवा होता, डांबराचा वास येत होता. आमची तालीम या टोकाला थांबली. ढोल, झांजा, मागं पालखी. त्या टोकाला सुआनखाची तालीम, पिवळे पट्टे बांधलेली. त्यांच्यापुढं चाकाच्या खुर्चीत एक वाळका म्हातारा, अंगावर लोकरी शाल, एका बाजूचं तोंड ओघळलेलं. एक सून डोक्यावर छत्री धरून.

होकबिंग निशाण घेऊन पुढं सरकला आणि मागं वळून यांच्याकडे बघायला लागला. बघणार नाही तर काय करील, त्याला काय करायचं ते कुणी धड सांगितलंच नव्हतं. कोकहिंग दबक्या आवाजात म्हणत होते, "ताठ. ताठ." यांच्या कपाळावरून घाम भुवईत आणि भुवईतून डोळ्यात चालला होता. पुसतही नव्हते. पाय डांबराला चिकटलेत असे उभे.

मग म्हाताऱ्यानं शालीतून धड असलेला हात बाहेर काढला आणि जरासा वर केला.

सुआनखाचं निशाण झुकलं. पण पूर्ण खाली नाही गेलं. अर्ध्यावर येऊन थांबलं, दाराशी कुणी आपली वाट बघत थांबतं तसं. बरोबरीच्यांचा मान. होकबिंग गोंधळला आणि त्यानंही झुकवलं. दोन्ही निशाणांची टोकं एकदम रस्त्याकडे गेली आणि एकदम वर आली. दोन्हीकडचे ढोल सुरू झाले. कोकहिंगचा चेहरा उजळला. "आले की नाही वाटेवर?" ते सगळ्यांना सांगत सुटले.

सुटलो, असं कुणालाही वाटलं असतं. कुणाला काही कळलं नव्हतं, कुणाची मान खाली गेली नव्हती. मी यांच्याकडे बघितलं. हे अजून तसेच उभे. म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत, तोंड अर्धं उघडं. आता तरी पुढं होतील, निदान हात जोडतील, म्हणून मी थांबले. तालीम त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढं जायला लागली. हे जागचे हलले नाहीत.

मला खरंच कंटाळा आला. इतक्या वर्षांचा एकदम आला.

मी कपात चहा ओतला, तबकात ठेवला आणि पूल ओलांडला. ढाली मधून बाजूला झाल्या. खुर्चीपुढं जाऊन मी गुडघ्यावर बसले. डांबर तापलेलं होतं.

"कोण?" म्हातारा म्हणाला. अर्ध्या तोंडानं, पण स्पष्ट.

"तेकवीची सून. तेंगहायांची बायको," मी म्हटलं. "लग्नातला चहा राहिला होता, मामंजी."

आधी जवळचा ढोल थांबला, मग त्याच्यामागचा. झांजवाला एकटाच वाजवत राहिला, मग त्यालाही लाज वाटली असावी.

म्हाताऱ्यानं धड हातानं कप घेतला. निम्मा चहा शालीवर सांडला, सून पुसायला वाकली तर तिला कोपरानं दूर केलं. शेवटपर्यंत प्याला.

"गोड कमी आहे," तो म्हणाला.

"इतक्या वर्षांत उतरला असेल."

तो हसला असावा. ओठ एकाच बाजूनं हलला. "त्याचा डावा पाय अजून उशिरा येतो. तुमच्या सगळ्या पोरांचा तसाच येतो. लांबून दिसलं." मग जरा दम घेऊन, "मी आमच्या पोरांना सांगितलं होतं, बरोबरीनं झुका. त्याला त्याच्या गावात राहायचंय."

"मलाही त्याच घरात राहायचंय, मामंजी," मी म्हटलं.

मी तबक घेऊन परत आले. हे पुलाच्या मध्यापर्यंत आले होते. तिथंच थांबलेले. कोकहिंगनी यांचा दंड धरला आणि म्हणाले, "पालखी थांबलीय." आणि सगळे निघाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत होते. जाळीतून बुलबुल निवांत ये-जा करत होते. अंगणात आवाज आला म्हणून आले, तर कोकहिंग, होकबिंग, दोघे पंपवाले भाऊ, न्हावी, सगळे उभे. हे उंबऱ्यावर, लेपाची वाटी हातात. पालखी वरच्या वाडीला न्यायची होती आणि कुणी हत्यार बाहेर काढायला तयार नव्हतं.

"वस्ताद, एकदा तोंडानं सांगा," कोकहिंग म्हणत होते. "वहिनींनी जे केलं ते खरं का?"

"हं," हे म्हणाले.

"हं म्हणजे काय?"

तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. सुआनखाचा माणूस, उनलायांचा नातू. स्कूटरच्या मागं पोत्यात गुंडाळून काहीतरी बांधलेलं. त्यानं यांना मान लवून नमस्कार केला, मग सरळ माझ्यापाशी आला.

"आजोबांनी पाठवलंय. चहाचा कप परत करताना सुनेला काहीतरी द्यायची रीत असते, ते काल राहिलं. सुनेच्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं सांगितलंय."

आणि त्यानं पोतं सोडून माझ्या दोन्ही हातांवर ढाल ठेवली.

वेताची जुनी ढाल. काठ नव्या वेतानं पुन्हा बांधलेला, मधे मूठ घासून काळी झालेली, रेड्याच्या गोठ्याचा वास. स्कूटर गेली. अंगणातली माणसं माझ्या हातांकडे बघत उभी.

"वहिनी, खाली ठेवू नका," कोकहिंग म्हणाले.

"नाही ठेवत. घ्या."

"आता कसं घेणार? तुमच्या हातात आली ना. शुद्ध केल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही."

"मग करा शुद्ध."

"पुजारीबुवा लागतील."

"बोलवा."

"ते मुलीकडे गेलेत. मंगळवारी येतील."

"म्हणजे मंगळवारपर्यंत मी अशीच उभी राहू?"

न्हावी म्हणाला, झाडाला टांगावी. धाकटा पंपवाला म्हणाला, झाडाखालून कोंबड्या जातात. थोरला म्हणाला, कोंबड्या म्हणजे ओलांडणं होत नाही, खालून जाणं होतं. त्यावर त्या दोघांची जुंपली. होकबिंग म्हणाला, ट्रकच्या टपावर ठेवू. कोकहिंग म्हणाले, आधीच्या वस्तादांच्या वेळी एकदा असं झालं होतं. काय केलं होतं मग? ते आठवत नाही म्हणाले. हे ढाल बघत होते, माझ्या हातांकडे नाही. माझे दंड भरून आले होते.

मी स्वयंपाकघरात गेले. मातेच्या तसबिरीशेजारी सूप टांगायचा खिळा आहे. सूप काढलं आणि ढाल टांगली. उदबत्ती पेटलेलीच होती.

"ज्याला पाहिजे त्यानं पाय धुऊन आत यावं," मी दारातून सांगितलं, आणि तांदूळ धुवायला घेतले.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग नळाचा आवाज झाला. होकबिंग आला, ढालीपुढं हात जोडले, बाहेर गेला. मग दोघे भाऊ, वेगवेगळे. न्हावी आला तो भाजीचं पातेलं उघडून बघून गेला. कोकहिंग दाराबाहेरच उभे राहिले, एक पाय धुतलेला, एक नाही.

"वहिनी, मग इतकी वर्षं आम्ही उदबत्ती कुणाला लावली?"

आमटी चुलीवर होती. मी ढवळली नाही.

"एका जुगाऱ्याला," मी म्हटलं.

ते त्यांनी जरा वेळ तोंडात घोळवलं. "माझी आई म्हणायची तसं," ते म्हणाले. "मी तिला गप्प बसवायचो." मग बाहेर वळून ओरडले, "वस्ताद, पालखी दुपारी निघेल. उशीर करू नका. त्या डाव्या पायाचं बघा आधी."

हे सगळ्यांत शेवटी आले. पाय धुतलेले, विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. ढालीपुढं थांबले. ओट्याची कड धरून आधी एक गुडघा टेकवला, मग दुसरा, तोंडानं हुंकार देत. कपाळ जमिनीला लावलं. "गुरुजी, चुकलं," म्हणाले. एवढंच. पण मोठ्यानं, अंगणात ऐकू जाईल असं.

मग तसेच राहिले. मला वाटलं जप करतायत.

"ऐकतेस का," थोड्या वेळानं जमिनीकडूनच आवाज आला. "गुडघा अडकलाय. उठव."

"जाळी कधी शिवणार?"

"शिवतो."

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

यांनी मान जराशी उचलून ढालीकडे बघितलं. "उद्या सकाळी," म्हणाले.

भाताला आधण यायचं होतं. मी तांदूळ टाकले, झाकण ठेवलं, जाळ नीट केला, आणि मग हात पुसून त्यांना उठवायला गेले.